सा रे ग म प लिटल चॅम्प्स (मराठी)

सा रे ग म प लिटल चॅम्प्स हा झी मराठी या दूरचित्रवाहिनीवरून प्रसारित झालेला, शाळकरी वयाच्या मुलामुलींचा स्पर्धात्मक गायनकार्यक्रम होय. त्याचे पहिले पर्व २००८-०९ मध्ये झाले. आळंदीची कार्तिकी गायकवाड ही त्या पर्वाची विजेती ठरली. तिच्यासह महाअंतिम फेरीत पोहोचलेली आर्या आंबेकर (पुणे), मुग्धा वैशंपायन (अलिबाग), प्रथमेश लघाटे (आरवली, जि. रत्नागिरी) व रोहित राऊत (लातूर) ही मुले ‘पंचरत्न’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाऊ लागली. सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांनी, तर परीक्षण अवधूत गुप्ते व वैशाली सामंत यांनी केले.

प्रस्तुत लेखात मुख्यतः पहिल्या पर्वाचा, त्यामागील स्पर्धापद्धतीचा आणि बालकलावंतांविषयी त्या निमित्ताने उपस्थित झालेल्या प्रश्नांचा परामर्श घेतला आहे. स्पर्धेतून ‘तारका’ घडविण्याची हीच कल्पना जपानमध्ये ‘आयडॉल’ या नावाने रुजली असून तिच्यावर तेथे सचेतपटांच्या मालिकाही निघाल्या आहेत. तुलनेसाठी त्यांचाही उल्लेख पुढे आला आहे.

पार्श्वभूमी

मराठी मुलखाला बालगायकांचे कौतुक नवे नाही. संगीत नाटक मंडळ्यांत कोवळ्या वयाची मुले दाखल होत आणि तेथेच त्यांचे शिक्षण, पोट व कीर्ती या तिन्हींची सोय लागे. कुमार गंधर्व हे लहानपणीच मैफली गाजवून मग देवधर मास्तरांकडे शिकावयास आले. लता मंगेशकर यांनीही ‘खजांची’ (१९४१) या चित्रपटातील गाण्यांच्या पुण्यातील स्पर्धेत बालवयात पहिले बक्षीस मिळविले होते. परंतु या सर्व उदाहरणांत स्पर्धा किंवा जलसा हा एखाद्या संध्याकाळचा प्रसंग असे. दुसऱ्या दिवशी मूल गुरूकडे किंवा घरच्या तंबोऱ्याकडे परत जाई. आठवड्यामागून आठवडे, कित्येक महिने, लक्षावधी घरांच्या डोळ्यांसमोर चालणारी स्पर्धा ही दूरचित्रवाणीची देणगी आहे.

हिंदीत झी टीव्हीने १९९५ साली ‘सा रे ग म’ सुरू केले. गजेंद्र सिंह हे त्याचे निर्माते व सोनू निगम हे सूत्रसंचालक होते. त्याच सुमारास दूरदर्शनवरील ‘मेरी आवाज सुनो’ या स्पर्धेतून सुनिधी चौहान पुढे आली. श्रेया घोषाल ही ‘सा रे ग म’च्या मुलांच्या विशेष भागात विजयी झाली होती. पुढे तिने संजय लीला भन्साळी यांच्या ‘देवदास’ (२००२) या चित्रपटासाठी गायन केले. पुण्याची बेला शेंडे हीसुद्धा याच कार्यक्रमाची देणगी. या काळात निर्णय सर्वस्वी परीक्षकांचा असे आणि परीक्षकांच्या आसनावर बुजुर्ग संगीतकार किंवा घराणेदार गवई बसत. हरलेला गायक मान लववून निघून जाई.

ही रीत बदलली ती २००४ साली. ब्रिटनमधील ‘पॉप आयडॉल’ या कार्यक्रमाच्या धर्तीवर सोनी वाहिनीने ‘इंडियन आयडॉल’ सुरू केला आणि निवडीचा अधिकार भ्रमणध्वनी हाती असलेल्या प्रेक्षकाकडे गेला. मार्च २००५ मध्ये मुंबईचा मराठी मुलगा अभिजीत सावंत हा पहिला विजेता ठरला. ‘आयडॉल’ हा शब्द मराठी घरांत शिरला तो याच वाटेने. मूर्ती हा त्याचा मूळ अर्थ मात्र फारसा कोणाच्या ध्यानी आला नाही. मूर्ती घडविणारा, पूजणारा आणि अखेर विसर्जन करणारा समाज एकच असतो, हे गणेशोत्सवाच्या प्रांतात वेगळे सांगावयास नको.

१५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’ या नावाने सुरू झालेली वाहिनी पुढे ‘झी मराठी’ झाली. तिने ‘सा रे ग म प’ मराठीत आणले. मोठ्यांच्या पर्वांतून अभिजीत कोसंबी, वैशाली भैसने (पुढे माडे), उर्मिला धनगर असे गायक पुढे आले. हिंगणघाटच्या वैशाली यांनी पाठोपाठ हिंदी ‘सा रे ग म प चॅलेंज २००९’ही जिंकली. पुढे ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) या चित्रपटातील ‘पिंगा’ या गीतात श्रेया घोषाल यांच्यासोबत त्यांचा आवाज आहे. महानगराबाहेरच्या, गाण्याची कोणतीही शिफारस नसलेल्या घरांतील आवाजांना दार उघडून देणे हे या कार्यक्रमाचे श्रेय कोणीही नाकारीत नाही.

कार्यक्रमाचे स्वरूप

लिटल चॅम्प्समध्ये प्रत्येक भागाला गीतप्रकाराचे एखादे सूत्र असे. नाट्यगीत, भावगीत, अभंग, गौळण, कोळीगीत, चित्रपटगीत अशा निरनिराळ्या प्रकारांतून स्पर्धकाला जावे लागे. मराठी सुगम संगीताचा जवळजवळ संपूर्ण पट त्यामुळे काही महिन्यांत प्रेक्षकांसमोर उलगडला. ज्या घरांतील मुलांनी नाट्यगीत हा शब्दही ऐकला नव्हता, तेथे ती मुले आपल्याच वयाच्या एका मुलाचे नाट्यपद कान देऊन ऐकू लागली. बालगंधर्व किंवा दीनानाथ यांच्या ध्वनिमुद्रिका वर्गात वाजवून जे साधले नव्हते, ते आरवलीच्या एका मुलाने साधले, असे मराठी शिकविणाऱ्या कित्येक शिक्षकांना त्या वर्षी जाणवले असेल. प्रस्तुत लेखक त्यांपैकी एक आहे.

गुणदानाची पद्धत वैशिष्ट्यपूर्ण होती. परीक्षक आकड्यांऐवजी स्वरांत गुण देत. ‘ध’ मिळाला तर बरे, ‘नी’ मिळाला तर उत्तम आणि त्याही पलीकडे अपवादात्मक गायनासाठी ‘वरचा सा’. सप्तकाचा क्रम ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही त्यामुळे नी हा ध च्या वरचा आणि सा वर पोहोचले की आवर्तन पूर्ण होते, एवढे संगीतशास्त्र नकळत समजले. ‘वरचा सा’ हा शब्दप्रयोग पुढे शाबासकीच्या अर्थाने बोलीतही रूढ झाला.

साथीचा दर्जा ही या कार्यक्रमाची दुसरी जमेची बाजू. कमलेश भडकमकर यांच्या संगीतसंयोजनाखाली निलेश परब (ढोलकी), अर्चिस लेले (तबला), अमर ओक (बासरी), सत्यजित प्रभू (सिंथेसायझर) यांच्यासारखे वादक साथीला असत. मुलांचे गाणे मोठ्यांच्या पट्टीत बसत नाही. लहान मुलाचा आवाज उंच आणि पल्ला तोकडा असतो, म्हणून मूळ गाण्याची पट्टी बदलावी लागते. कधी मधला संगीताचा तुकडा आखडता घ्यावा लागतो, तर कधी मुलाचा श्वास संपतो तेथे बासरीने वेळ भरून काढावी लागते. प्रेक्षकाला हे दिसत नाही. त्याला दिसते ते न चुकलेले मूल.

सूत्रसंचालक पल्लवी जोशी या स्वतः बालकलाकार म्हणून चित्रपटांत वावरलेल्या. त्यांचे बंधू मास्टर अलंकार यांनी ‘दीवार’ (१९७५) मध्ये अमिताभ बच्चन यांच्या व्यक्तिरेखेचे बालपण साकारले होते. कॅमेऱ्यासमोरचे बालपण आतून पाहिलेली व्यक्ती मुलांशी बोलावयास होती, याचा परिणाम कार्यक्रमाच्या सुरावर झाला. ‘सा’ लागला नाही म्हणून मुलाला रडवून ते रडणे हळूवार गतीत पुन्हा पुन्हा दाखविण्याचा प्रकार, जो अन्यत्र सर्रास आढळतो, तो येथे त्या मानाने कमी दिसला. परीक्षक अवधूत गुप्ते व वैशाली सामंत ही जोडी ‘ऐका दाजिबा’ या गाण्यामुळे तरुणांत लोकप्रिय होती. आधीच्या पर्वांत देवकी पंडित, सुरेश वाडकर यांच्यासारखे शास्त्रीय तालमीतले परीक्षक पाहिलेल्या काही जाणकारांना ही निवड हलकी वाटली होती. मुलांना मात्र ती मानवली.

पंचरत्ने

अंतिम फेरीतील पाचही मुलांचे गाणे आणि त्यामागचे घर निराळे होते. स्पर्धेची रंगत बहुतांशी त्यातच होती.

कार्तिकी गायकवाड हिचे वडील कल्याणजी गायकवाड हे स्वतः गायक व संगीतशिक्षक. आळंदीच्या वातावरणात अभंग व गौळण हे रोजचेच, म्हणून तिचा आवाज मोकळा, खुला आणि टाळ-पखवाजाच्या सवयीचा होता. माजघरातल्या गाण्यापेक्षा तो मंडपातल्या गाण्याच्या जवळचा. तिची गौळण ज्यांनी ऐकली त्यांना ध्वनिवर्धक नसता तरी शेवटच्या रांगेपर्यंत ती पोहोचली असती याची खात्री पटे.

आर्या आंबेकर हिची आई श्रुती आंबेकर या शास्त्रीय गायिका आणि त्याच तिच्या पहिल्या गुरू. तिच्या गाण्यात स्वराची सूक्ष्म जाण, शब्दाचा स्वच्छ उच्चार आणि वयाच्या मानाने आश्चर्यकारक असा संयम होता. प्रथमेश लघाटे हा कोकणातल्या नाट्यसंगीताच्या परंपरेचा वारस. रोहित राऊत याच्या आवाजात आधुनिक, पाश्चात्त्य वळणाच्या गाण्याची ऊर्मी होती, आणि लातूरच्या मुलाने ती तेथे नेली हे लक्षणीय होते. मुग्धा वैशंपायन ही सर्वांत लहान. तिला ‘लिटल मॉनिटर’ असे लाडके नाव पडले आणि तिच्या निरागसपणाची एवढी वाखाणणी झाली की ती सुरात अचूक गाते, हे पुष्कळदा मागेच राहिले.

या पाचांत मुली तीन. ही गोष्ट त्या वेळी फारशी कोणी मोजली नाही, आणि ते एका अर्थी चांगलेच झाले. परंतु मराठी समाजात मुलीने चारचौघांत गाणे ही गोष्ट सहज झाली त्याला फार काळ लोटलेला नाही. बालगंधर्वांच्या काळी रंगभूमीवरील स्त्रीभूमिका पुरुष करीत, कारण कुलीन समजल्या जाणाऱ्या घरातील स्त्री तेथे उभी राहत नसे. ज्या स्त्रिया तमाशात व संगीतबारीत उभ्या राहिल्या त्यांच्या कलेला टाळी मिळाली, पण घराला प्रतिष्ठा मिळाली नाही. शंभर वर्षांच्या आत आळंदी, पुणे व अलिबागच्या आईबापांनी आपल्या मुलींना स्वतः त्या मंचावर नेऊन उभे केले.

मतदान आणि निकाल

स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात प्रेक्षकांच्या एसएमएस-मतांना स्थान होते. त्या काळी कार्यक्रमाचे नावच प्रायोजक दूरध्वनी कंपनीच्या नावासह ‘आयडिया सा रे ग म प’ असे घेतले जाई. मतदान ज्या माध्यमातून व्हावयाचे, त्याच माध्यमाचा व्यापार करणारी कंपनी प्रायोजक असणे, ही या प्रकारच्या स्पर्धांची सर्वत्र आढळणारी रचना आहे. अशा स्पर्धांतील संदेशाला नेहमीच्या संदेशापेक्षा अधिक आकार पडतो.

या पद्धतीत ‘मत’ हा शब्द निवडणुकीतल्या अर्थाने घेता येत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. निवडणुकीत एका व्यक्तीला एकच मत असते. येथे एकच माणूस पुष्कळ मते पाठवू शकतो. शंभर माणसांनी एकेक संदेश पाठविला काय आणि चार माणसांनी पंचवीस-पंचवीस पाठविले काय, बेरीज तीच येते. त्यामुळे किती लोकांना गाणे आवडले याचे हे मोजमाप नसून, आवडलेल्यांपैकी किती जण किती खर्च व किती खटपट करावयास तयार आहेत याचे ते मोजमाप आहे. खटपट करण्याची प्रेरणा पुष्कळदा गाण्यापेक्षा गावातून, जिल्ह्यातून किंवा समाजातून येते. स्पर्धकांच्या गावी ‘आपल्या मुलाला विजयी करा’ असे फलक लागतात, मंडळे पुढे सरसावतात आणि लोकप्रतिनिधीही आवाहन करतात. पाच मुलांचे चार जिल्हे होते, आणि त्या थंडीत महाराष्ट्रात त्या चार जिल्ह्यांची जणू निवडणूक लागली होती.

ज्यांचा जिल्हा त्यात नव्हता, अशा गावांनी आपापला स्पर्धक निवडला. नाशिक जिल्ह्यातील मुंबई-आग्रा महामार्गावरचे घोटी हे भाताच्या गिरण्यांचे व बाजाराचे गाव. इगतपुरी तालुक्यातील वाड्या-पाड्यांचा व्यवहार येथे चालतो. ग्रामीण महाराष्ट्रात तेव्हा भारनियमन तीव्र होते. ऐन कार्यक्रमाच्या वेळी वीज गेली की ज्या घरी इन्व्हर्टर असे तेथे शेजारपाजारची मुले गोळा होत. वर्गात दुसऱ्या दिवशी दोन तट पडलेले असत. एक कार्तिकीचा आणि दुसरा आर्याचा, तर मुग्धाला सर्वांचे अभय. खुल्या आवाजाचे गाणे श्रेष्ठ की संयत गाणे श्रेष्ठ, हा घराणेदार गवयांचा जुना वाद सातवीतली मुले, त्याचे नावही ठाऊक नसताना, मधल्या सुटीत घालीत होती.

फेब्रुवारी २००९ मध्ये महाअंतिम फेरी होऊन कार्तिकी विजयी घोषित झाली. निकालावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. आर्याला डावलले असे काहींचे म्हणणे होते. लोकसंगीताला मिळालेला कौल शहरी कानाला रुचला नाही, असे दुसरी बाजू म्हणे. दोन्ही पक्षांतली माणसे मोठी होती आणि ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्या मुली शाळेत शिकत होत्या, हे मात्र त्या चर्चेत कोणाला फारसे आठवत नसे. पुढे पाचही मुलांनी एकत्र कार्यक्रम केले आणि ‘पंचरत्न’ नावाच्या ध्वनिमुद्रिकेत ती एकत्र गायली. प्रेक्षकांनी घातलेले तट मुलांच्या वाट्याला गेलेच नाहीत असे दिसते.

बालकलावंतांविषयीचे प्रश्न

मुलांच्या स्पर्धांविषयी तीन प्रकारचे आक्षेप घेतले जातात. पहिला आवाजाविषयीचा आहे. वयात येताना स्वरयंत्राची वाढ होते. मुलग्यांत ती झपाट्याने होऊन आवाज फुटतो, मुलींत ती सौम्य असते, तरी काही काळ आवाज हवेशीर किंवा अस्थिर होतो. या काळात उंच पट्टीत, पूर्ण जोराने आणि विश्रांतीवाचून गात राहिल्यास इजा संभवते. जुने गुरू अशा वेळी शिष्याला खर्जाचा रियाज देत किंवा सरळ काही महिने गाणे थांबवीत. दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात थांबण्याला जागा नसते आणि मुलाची लोकप्रियता तर नेमकी आवाज फुटण्यापूर्वीच्या त्या गोडव्यावर उभी असते. शिवाय स्पर्धा संपल्यावर गावोगावच्या कार्यक्रमांची मागणी सुरू होते, ती वेगळीच.

दुसरा आक्षेप आशयाचा. शृंगारिक लावणी दहा वर्षांच्या मुलीने हावभावांसह गावी आणि प्रेक्षकांनी ‘किती गोड’ म्हणावे, यात काहीतरी विपरीत आहे. गायनाच्या कार्यक्रमांपेक्षा नृत्याच्या कार्यक्रमांत हा प्रश्न अधिक तीव्र झाला. जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना काढून, प्रौढांसाठी रचलेल्या अंगविक्षेपांची नृत्ये लहान मुलांकडून करवून घेऊ नयेत असे बजावले.

तिसरा आक्षेप बालपणाचा आणि शाळेचा. जुलै २०१७ मध्ये दिग्दर्शक शूजित सरकार यांनी मुलांच्या सर्व रिअॅलिटी शोंवर बंदी घालावी अशी जाहीर विनंती केली आणि देशभर चर्चा झाली. बंदीच्या विरोधकांचे म्हणणे असे की, गुणी पण साधनहीन मुलाला दुसरे दारच नाही. हे म्हणणे खोटे नाही. परंतु दार आहे म्हणून त्याला उंबरठा नसावा, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

कायद्याने तो उंबरठा पुढे घातला. बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ मध्ये २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई झाली. घरच्या व्यवसायातील मदत आणि दृक्-श्राव्य मनोरंजनातील बालकलावंत असे दोन अपवाद ठेवले गेले, तेही शिक्षणाला बाध येणार नसेल तरच. २०१७ च्या नियमांनुसार बालकलावंताला दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काळ त्याला गुंतवून ठेवता येत नाही. चित्रीकरणासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. मुलाच्या मिळकतीपैकी किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करता येत नाही. लिटल चॅम्प्सचे पहिले पर्व झाले तेव्हा असे तपशीलवार नियम नव्हते. मुलांना जे संरक्षण मिळाले ते आईवडिलांच्या व आयोजकांच्या सद्भावनेवर अवलंबून होते.

या नियमांत चौदा वर्षे ही मर्यादा आहे. पंधराव्या वर्षी हरलेल्या मुलाला चौदाव्या वर्षी हरलेल्यापेक्षा कमी दुःख होते असे नाही. ज्यांनी शाळेत स्नेहसंमेलनाच्या निवडचाचण्या घेतल्या आहेत त्यांना याचा अनुभव असेलच. आणि स्नेहसंमेलनाला तर केवळ गावच प्रेक्षक असतो.

जपानमधील समांतर परंपरा

जपानमध्ये ‘आयडॉल’ हा एक स्वतंत्र व्यवसायच आहे. १९६३ चा एक फ्रेंच चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाल्यावर त्यातील सिल्व्ही व्हार्तान या गायिकेमुळे हा शब्द तेथे लोकप्रिय झाला, असे सांगितले जाते. १९७१ ते १९८३ या काळात निप्पॉन टीव्हीवर ‘स्टार तांजो’ (ताऱ्याचा जन्म) ही स्पर्धा चाले. अंतिम फेरीत मुलगी गाऊन झाली की सभागृहात बसलेल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचे व व्यवस्थापन संस्थांचे प्रतिनिधी तिला करारबद्ध करण्याची इच्छा असल्यास आपापला फलक उंचावीत. एकही फलक वर झाला नाही तर मुलगी सर्वांदेखत मंचावर उभी राही. या स्पर्धेतून आलेली मोमोए यामागुची १९७३ साली चौदाव्या वर्षी गायिका झाली, जपानची सर्वांत लोकप्रिय तारका ठरली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये, विवाहानिमित्त, एकविसाव्या वर्षी निवृत्त झाली. अखेरच्या कार्यक्रमात तिने ध्वनिक्षेपक मंचावर ठेवून दिला आणि ती निघून गेली.

डिसेंबर २००५ मध्ये तोक्योच्या आकिहाबारा भागात यासुशी आकिमोतो यांनी ‘एकेबी फॉर्टीएट’ हा मुलींचा मोठा गायनसंघ स्थापन केला. २००९ ते २०१८ या काळात त्याच्या सदस्यांची दरवर्षी ‘सार्वत्रिक निवडणूक’ होई. मतपत्रिका गाण्याच्या सीडीसोबत मिळे. अर्थात जितक्या सीडी घ्याल तितकी मते. एसएमएस-मतदानाचेच हे दुसरे रूप होय.

या व्यवसायाभोवती सचेतपट मालिकांची एक शाखाच वाढली. ‘द आयडॉलमास्टर’ (२०११), ‘आयकात्सु!’ (२०१२ पासून) आणि ‘लव्ह लाइव्ह! स्कूल आयडॉल प्रोजेक्ट’ (२०१३) ही तिची ठळक उदाहरणे. शेवटच्या मालिकेची निर्मिती सनराइज या संस्थेची असून दिग्दर्शन ताकाहिको क्योगोकु यांचे व पटकथा जुक्की हानादा यांची आहे. विद्यार्थिनींची संख्या घटल्यामुळे ओतोनोकिझाका ही मुलींची शाळा बंद होणार असते. होनोका नावाची विद्यार्थिनी आठ मैत्रिणींसह ‘म्यूज’ हा गायनसंघ काढते आणि शाळांच्या आयडॉल स्पर्धेत उतरते. संघाचे नाव झाले तर नव्या मुली प्रवेश घेतील, ही तिची आशा. पहिल्या पर्वात ती पावसात गाऊन तापाने कोसळते, संघ स्पर्धेतून माघार घेतो, तरीही शाळा वाचते. पात्रे काल्पनिक असली तरी त्यांतील अग्रस्थान कोणाला द्यावयाचे हे मूळ नियतकालिकाच्या वाचकांच्या मतांनी ठरविले जाई. ज्या अभिनेत्रींनी या पात्रांना आवाज दिला त्या पुढे खऱ्याखुऱ्या मंचावर गायल्या, आणि मार्च-एप्रिल २०१६ मध्ये तोक्यो डोमच्या विशाल सभागृहात त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला.

पटसंख्येअभावी शाळा बंद होणे ही इगतपुरी तालुक्यातील वाचकाला दूरदेशीची कल्पना वाटणार नाही. २०२२ मध्ये या तालुक्यातील दरेवाडीची शाळा बंद झाल्यावर तेथील मुलांनी शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर मोर्चा नेला आणि ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ अशी मागणी केली होती. जपानी मालिकेतील मुलींना शाळा वाचविण्यासाठी तारका व्हावे लागले. दरेवाडीच्या मुलांना निदान बातमी व्हावे लागले.

नंतरचा काळ

पाचही जण संगीतात टिकून राहिले. बालस्पर्धांचा इतिहास पाहता हे सर्वसाधारण नाही. कार्तिकीने वारकरी व लोकसंगीताची वाट सोडली नाही. आर्याने ‘ती सध्या काय करते’ (२०१७) या चित्रपटात नायिकेची भूमिका केली आणि गायनही केले. ‘चंद्रमुखी’ (२०२२) मध्ये अजय-अतुल यांच्या संगीतात तिने गायलेली ‘बाई गं’ ही रचना ऐकल्यास, लावणी गाण्यासाठी वय यावे लागते म्हणजे काय, ते कळते. रोहित ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात (२०१९-२०) उपविजेता ठरला, म्हणजे वयाने मोठा झाल्यावर पुन्हा एकदा स्पर्धेच्या रांगेत उभा राहिला. प्रथमेश व मुग्धा यांनी शास्त्रीय व नाट्यसंगीताच्या मैफली सुरू ठेवल्या. डिसेंबर २०२३ मध्ये ते विवाहबद्ध झाले, तेव्हा पहिल्या पर्वाचे प्रेक्षक असलेल्या घरांत आपल्याच घरचे कार्य असल्यासारखा आनंद व्यक्त झाला.

जून २०२१ मध्ये लिटल चॅम्प्सचे नवे पर्व सुरू झाले. सूत्रसंचालन मृण्मयी देशपांडे यांच्याकडे होते. परीक्षकांच्या आसनांवर या वेळी कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश आणि रोहित हे पाच जण बसले होते. त्यांना ‘ज्युरी’ असे संबोधले गेले.